घरबसल्या नोकरीचा हिशेब

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. कामगार कपातीची मुभा, संपावरील बंधने, ठराविक मुदतीच्या नेमणुका ह्यांवर त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले आणि ते अगत्याचेच होते. परंतु ह्या संहितांच्या एका कोपऱ्यात एक व्याख्या पडून आहे. तिच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष जावे अशी आमची इच्छा आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने घरून काम करणारा कामगार म्हणजे कोण हे सांगितले आहे. मालकाच्या कामाच्या जागेवर न जाता स्वतःच्या घरी वा स्वतः निवडलेल्या जागी जो मोबदल्यासाठी मालकाकरिता वस्तू वा सेवा निर्माण करतो तो, असा तिचा आशय. मालकाने साधने आणि माल पुरविलेला असो वा नसो, असेही तीत म्हटले आहे. व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विड्या वळणारी, पापड लाटणारी, शिलाई करणारी बाई असावी. पण शब्दांचा अर्थ लावू गेले तर साताऱ्यात आईवडिलांच्या घरी बसून हिंजवडीच्या कंपनीसाठी आज्ञावली लिहिणारा अभियंताही त्याच व्याख्येत येऊन बसतो. कायद्याच्या मसुदाकारांना न दिसलेले हे साम्य आपल्याला दिसावयास हरकत नाही.

प्रश्न केवळ कायद्याचा नाही. अशा नोकराच्या हाती आज जी साधने आहेत, म्हणजे दूरदृश्य सभा, लेखी निरोपांची दालने, सामाईक कागदपत्रे, कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणा, ती त्याला खरोखर कितपत साह्य करतात हे पाहिल्याशिवाय कायद्याकडून काय मागायचे हेही कळणार नाही. साधनांची जाहिरात ती विकणारे करतात. त्यांची निंदा बहुधा कचेऱ्यांच्या टोलेजंग इमारती बांधून बसलेले करतात. जो ती रोज दहा दहा तास वापरतो त्याची साक्ष क्वचितच घेतली जाते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे सारे काही दिवसांत घडून आले. त्यापूर्वी कॉल सेंटरमधील नोकराला घरून काम करू द्यायचे तर दूरसंचार खात्याच्या नाना अटी पाळाव्या लागत. मार्चमध्ये त्या शिथिल झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोंदणी व बँक हमीसह बहुतेक सगळ्या निघून गेल्या. मालकांची अडचण दूर करावयास सरकारला एवढा थोडा वेळ पुरतो! झूम ह्या कंपनीच्या सभांत डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला सुमारे १ कोटी माणसे सामील होत. एप्रिल २०२० मध्ये तो आकडा ३० कोटींवर गेला. त्याच एप्रिलमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जाहीर केले की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक नोकरांनी कचेरीत असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने नोकरांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलाविले. झूमने तर ऑगस्ट २०२३ मध्ये स्वतःच्याच नोकरांना सांगितले की, कचेरीपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस यावे. छत्र्या विकणाऱ्यानेच पाऊस येताच आडोसा शोधावा तसा हा प्रकार. मधल्या काळात गावी परतलेल्या, भाड्याची खोली सोडून दिलेल्या, मुलांची शाळा बदललेल्या कुटुंबांना दोन्ही वेळी कोणी विचारले नाही. जाण्याचा हुकूम एका पत्राने आला, येण्याचा दुसऱ्या पत्राने.

घरून काम ही गोष्ट महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, कामठी येथल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत आल्या. पाने आणि तंबाखू कारखानदाराची वा त्याच्या ठेकेदाराची. जागा, उजेड, कात्री आणि शाळेतून आलेल्या मुलीचे हात कामगाराचे. पाने कमी पडली तर पदरचे पैसे घालून आणायची, आणि वळलेल्या विड्यांतल्या किती खराब म्हणून बाजूला काढायच्या हे समोरच्याने ठरवायचे. कारखान्याच्या कायद्यातून निसटण्याची ती सोयीस्कर वाट होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरात बसून काम करणारीलाही कामगार मानले आणि माल देण्यावरून व विड्या नाकारण्यावरून होणाऱ्या तंट्यांचा निवाडा करण्याची सोय केली. कारखानदार न्यायालयात गेले. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आता तो नव्या संहितेत विलीन झाला आहे. परंतु काम घरात चालले आणि मध्ये ठेकेदार आला तरी मालक मालकच राहतो, हे त्या लढ्याने एकदा कायम करून घेतले होते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गृहकामाविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

लॅपटॉपवर काम करणाऱ्या अभियंत्याची तुलना विडी कामगार स्त्रीशी करणे पुष्कळांना अतिशयोक्तीचे वाटेल. दोघांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. आम्ही बोलत आहोत ते कामाच्या रचनेविषयी. कामाची जागा कामगाराने पुरवायची, हिशेब दुसऱ्याने ठेवायचा, आणि शेजारच्या घरात त्याच मालकाचे काम करणारा दुसरा कोण आहे हे एकमेकांना ठाऊक असू नये, ही रचना दोन्हीकडे सारखी आहे.

आता साधनांकडे वळू आणि आधी त्यांचे जे देणे आहे ते मोकळेपणाने मान्य करू. विरार वा बदलापूरहून रोज दोन-दोन तास लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला ते तास परत मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागणाऱ्या कितीतरी स्त्रियांना काम टिकविता आले. बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, परस्पर संमतीने घरून काम करू देण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आली होती. ती अमलात आणणे शक्य आहे हे साधनांनी सिद्ध केले. एकाच कागदावर चौघांनी चार गावांतून एका वेळी लिहावे, कोणी काय बदलले ते दिसावे, कालची प्रत पुन्हा काढता यावी, ह्या सोयीचे मोल कार्बन प्रती काढून पत्रके टपालाने फिरविलेल्या आपल्या जुन्या साथींना तरी समजावून सांगावयास नको.

जे काम लिहून ठेवता येते आणि दुसऱ्याला सवडीने वाचता येते त्यास ही साधने उत्तम साह्य करतात, असा आमचा अनुभवाने झालेला ग्रह आहे. नवशिक्याला हाताशी धरून शिकविणे, मतभेद मिटविणे, एखाद्या सहकाऱ्याचा चेहरा पाहून त्याच्या घरी काही बिनसले आहे हे ओळखणे, ह्या गोष्टी पडद्यावरच्या चौकटींतून साधत नाहीत, किंवा फार कष्टाने साधतात. त्यातही साधने घडविणाऱ्यांनी कोणाला डोळ्यांपुढे ठेवले हा प्रश्न उरतो. अंध नोकरासाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए नावाची मोफत प्रणाली आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन ह्या दृष्टिहीन तरुणाने तिची सुरुवात केली आणि जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन तरुण त्यास येऊन मिळाला. तिच्या बळावर अंध माणूस स्वतःचे काम घरून बिनधोक करू शकतो. पण सभेत साहेबांनी आपला पडदा सर्वांना दाखविला की ही प्रणाली मुकी होते, कारण सभेतला तो पडदा म्हणजे अक्षरे नसून नुसते चित्र असते. बाकीचे पंधरा जण आकडे पाहत असतात आणि सोळावा ऐकत बसतो. तो कागद आधी पाठविला तर अडचण सुटते. तेवढे सुचण्यासाठी सोळावा माणूस आठवावा लागतो, इतकेच.

घरून काम केल्याने उत्पादन वाढते की घटते ह्यावर अर्थशास्त्रज्ञांत बरेच वाद झाले आहेत. ज्या प्रयोगाचा दाखला सर्वांत अधिक दिला जातो तो चीनमधील सीट्रिप ह्या प्रवास कंपनीच्या शांघाय येथील कॉल सेंटरात झाला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. स्वेच्छेने पुढे आलेल्या २४९ नोकरांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरून काम दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. हे आकडे व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून सर्वत्र फिरले. त्यांच्या पोटातले दोन तपशील मात्र सहसा सांगितले जात नाहीत. १३ पैकी ९ टक्के वाढ ही नोकरांनी मधली विश्रांती आणि आजारपणाच्या रजा कमी घेतल्यामुळे पाळीत अधिक मिनिटे भरल्याची होती. कामाचा वेग वाढला तो उरलेल्या ४ टक्क्यांपुरता. आणि ह्या प्रयोगात भाग घेण्यासाठी घरी स्वतंत्र खोली असण्याची अट होती, यंत्रे कंपनीने कचेरीसारखीच दिलेली होती. स्वतंत्र खोली! पुण्यातल्या वा ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, मुलगा अभ्यास करतो आणि सासूबाईंना दुपारी झोप हवी असते. तेथे ह्या अटीला काय अर्थ आहे? प्रयोग संपल्यावर निवड दिली तेव्हा सुमारे निम्म्या नोकरांनी कचेरीत परत जाणे पसंत केले. एकाकीपण हे त्याचे मोठे कारण होते. शिवाय घरून काम करणाऱ्यांचे काम सरस ठरूनही त्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या होत्या.

ब्लूम ह्यांनीच त्याच कंपनीत केलेला दुसरा प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,६१२ नोकर होते आणि घरचे दिवस आठवड्याला दोनच होते. कामावर वा बढतीवर वाईट परिणाम झाला नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. दोन दिवस घरी आणि तीन दिवस माणसांत, ही वाटणी अनेकांना मानवते असे ह्यावरून दिसते. सक्तीने सगळे घरी वा सक्तीने सगळे कचेरीत, ह्या दोन्ही हट्टांना त्यात आधार नाही.

भारतातील परिस्थितीच्या अधिक जवळचा दाखला आशियातील एका मोठ्या आयटी सेवा कंपनीचा आहे. मायकेल गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातील १० हजारांहून अधिक नोकरांच्या यंत्रांतील नोंदी तपासल्या. टाळेबंदीत हे नोकर घरी गेल्यावर कामाचे तास वाढले आणि नेहमीच्या वेळेबाहेरचे काम तर १८ टक्क्यांनी वाढले. उत्पादन मात्र वाढले नाही, उलट किंचित घटले. वाढलेले तास गेले कोठे? मुख्यतः सभांत. सलग बसून काम करण्याचा वेळ तुटत गेला, वरिष्ठांशी समोरासमोर बोलून काही शिकण्याचा वेळही घटला. ज्यांच्या घरी मुले होती त्यांचे तास इतरांहून अधिक वाढले. सभा बोलाविणे इतके सोपे झाले की ती न बोलाविण्याचे कारणच उरले नाही, असे आम्हांस वाटते. पूर्वी साहेबाला निदान खुर्च्या मांडाव्या लागत आणि चहा सांगावा लागे.

ह्यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. नोकर नजरेआड गेला की मालकाला चैन पडत नाही. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने केलेल्या पाहणीत ८७ टक्के नोकरांनी आपले काम नीट होत असल्याचे सांगितले. ८५ टक्के अधिकारी म्हणाले की नोकर खरोखर काम करीत आहेत असा विश्वास बाळगणे आता कठीण झाले आहे. हा अविश्वास साधनांच्या पोटात शिरतो. त्याच कंपनीच्या टीम्स ह्या साधनात नावापुढे हिरवा ठिपका असतो. पाच मिनिटे यंत्राला हात लागला नाही की तो पिवळा होतो. ठिपका काढला गेला सहकाऱ्याला आपण हजर आहोत हे कळावे म्हणून. परंतु कागदावर पेन्सिलीने आकृती काढणाऱ्याचा, फोनवर ग्राहकाशी बोलणाऱ्याचा आणि नुसता विचार करणाऱ्याचा ठिपका सारखाच पिवळा होतो. मग तो हिरवा ठेवण्यासाठी माउस आपोआप हलविणारी उपकरणे बाजारात येतात आणि ती पकडणाऱ्या प्रणालीही येतात. २०२४ साली अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने कळफलकावर काम चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनाहून अधिक नोकरांना काढले. नोकर काय करतो ह्याऐवजी त्याची बोटे हलतात की नाही हे मोजले, तर बोटे हलविण्याचीच कला वाढीस लागणार.

विरोध केला तर काही होते, हेही मायक्रोसॉफ्टच्याच प्रकरणात दिसले. २०२० च्या ऑक्टोबरात तिने ‘उत्पादकता गुणांक’ आणला. कोण किती निरोप पाठवितो, किती सभांत कॅमेरा चालू ठेवतो हे त्यात नावानिशी दिसे. ओरड झाली आणि १ डिसेंबरला कंपनीने त्यातली नोकरांची नावे काढून टाकली. आपल्याकडे अशी ओरड करावयास कायद्याचा आधार शोधू गेले तर काय सापडते? २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. त्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी लागणाऱ्या माहितीला नोकराच्या संमतीची गरज नाही, असे कलम सातमध्ये म्हटले आहे. कचेरीत साहेबाची नजर खुर्चीपर्यंत पोहोचत होती; आता ती घराच्या भिंतीच्या आत येते आणि त्या भिंतीत त्याच्या नोकरीत नसलेली माणसेही राहतात.

खर्चाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो कोणालाही बोटांवर मोजता येईल. वीज, इंटरनेट, इन्व्हर्टर, टेबल, पाठ न दुखविणारी खुर्ची. कचेरीत ह्यांतले सर्व काही मालकाचे होते. काही कंपन्यांनी सुरुवातीला भत्ते दिले, पुष्कळांनी दिले नाहीत, आणि दिले तेथेही तो हक्क नव्हे, मर्जी होती. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस केलेल्या कायद्याने दूरस्थ नोकराच्या वीज-इंटरनेटचा वाढीव खर्च मालकावर टाकला, विश्रांतीच्या वेळेत त्याच्याशी संपर्क न साधण्याचे बंधन घातले, आणि दोन महिन्यांपेक्षा अधिक अंतर न ठेवता त्याची वरिष्ठांशी व सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष भेट घडविण्याची जबाबदारीही मालकाला दिली. ह्यातले शेवटचे कलम आम्हांस सर्वांत शहाणपणाचे वाटते. ह्याउलट आपल्या केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा जो मसुदा काढला त्यात नेमणुकीच्या अटींना वा आपसांतील कराराला धरून, मालक ठरवील तेवढ्या मुदतीपुरते घरून काम करू देता येईल, असे एक वाक्य होते. खर्च, तास, पाळत ह्यांपैकी कशाचीही वाच्यता त्या वाक्यात नव्हती.

दूरस्थ नोकर म्हणजे फक्त आयटीतला पदवीधर असे समजण्याची चूक मात्र होऊ नये. कार्यालयापासून कित्येक कोस दूर, एकटीने, हातातल्या यंत्राच्या आधारे वरिष्ठांना हिशेब देत काम करणारी सर्वांत मोठी फौज महाराष्ट्रात आहे ती अंगणवाडी सेविकांची. सरकार त्यांना नोकर म्हणत नाही, मानधन देते. काम मात्र नोकराहून अधिक घेते. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. सरकारी मोबाईल कमी क्षमतेचे, तापणारे, अडकणारे. त्यात माहिती भरायची ती इंग्रजीत. दुर्गम पाड्यांत रेंज नाही. जी बाई रजिस्टरात मुलांची वजने वर्षानुवर्षे सुवाच्य मराठीत लिहीत आली तिला एका रात्रीत अडाणी ठरविण्याचे सामर्थ्य त्या यंत्रात होते. दुरुस्तीचा खर्च तिने करावा अशी अपेक्षा होती, आणि माहिती भरली नाही तर मानधन अडण्याची भीती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत केले. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला. यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. चांगले यंत्र द्या आणि ते मराठीत बोलू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. साधन कामगाराला विचारून घडविले नाही तर काय होते आणि त्यावर कामगार काय करू शकतो, ह्या दोन्ही गोष्टी ह्या एका प्रसंगात आहेत.

सेविका फोन परत करू शकल्या ह्याचे कारण त्यांची संघटना आधीपासून उभी होती. बीटच्या बैठकीत त्या एकमेकींना दर महिन्याला भेटत होत्या. लॅपटॉपवरचा नोकर कोणाला भेटतो? मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक नोकरांच्या २०२० मधील संपर्काच्या नोंदींचा अभ्यास दुसऱ्या वर्षी ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ ह्या नियतकालिकात आला. सगळे घरी गेल्यावर नोकरांचे संपर्क आपापल्या गटात आवळले गेले, गटागटांतले पूल कमी झाले, नव्या ओळखी घडेनाशा झाल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे. अभ्यासकांना त्यात ज्ञानाच्या देवाणघेवाणीची चिंता वाटली. आपल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसावयास हवी. गिरणगावातली संघटना गिरणीच्या फाटकावर उभी राहिली. पाळी सुटताना हजार माणसे एका दारातून बाहेर पडत, फाटकसभेत वक्ता पिंपावर उभा राहून बोलत असे, चाळीत रात्री त्याचीच चर्चा होई. घरून काम करणाऱ्याला फाटकच नाही. त्याच्या सगळ्या तारा कंपनीच्या केंद्रातून जातात, आणि ज्या दालनात तो सहकाऱ्याशी बोलतो त्याच्या किल्ल्या कंपनीच्या हाती असतात. पगारकपात झालेल्या दोघांनी तेथे एकमेकांना ‘तुमचीही कापली काय?’ असे विचारावयासही धीर लागतो.

येथे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीची आठवण ठेवणे उपयोगाचे होईल. संगणकाला विरोध केला म्हणून तिची अजूनही थट्टा केली जाते. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना ह्यांच्यात यंत्रीकरणाविषयी जो करार झाला तो थट्टा करणारे वाचीत नाहीत. यंत्रे किती आणावीत, कोठे आणावीत, ती चालविणाऱ्याला कोणता भत्ता द्यावा हे दोन बाजूंनी बसून ठरविले गेले. १९८७ मध्ये पुढचा करार झाला. यंत्रे आली, पण वाटाघाटींच्या टेबलावरून आली. २०२० साली लाखो घरांत कामाची यंत्रे शिरली तेव्हा असे टेबल कोठेच मांडले गेले नाही. कर्नाटकात २०१७ साली आयटी कर्मचाऱ्यांची संघटना नोंदली गेली आहे, पुण्यातही अशा कर्मचाऱ्यांचे प्रयत्न चालू आहेत. पण मालकांनी त्यांच्याशी साधनांविषयी करार करावा, इतके बळ त्यांच्यामागे अजून आपण उभे केलेले नाही.

कायद्याच्या बाजूनेही काम आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कायद्याने आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे ह्यांनी २०१८ साली तशा आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले. खासगी विधेयक संमत होण्याची शेवटची घटना १९७० सालची आहे हे लक्षात घेता, केवळ संसदेकडे डोळे लावून बसणे परवडणारे नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारून मागणी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. त्यासाठी प्रथम कामगारांच्या सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज झाले. आज त्याच रविवारी दुपारी जेवणाच्या ताटाशेजारी फोन ठेवून बसणारा तरुण त्या सुट्टीचा मालक उरलेला नाही, आणि त्याच्या वरिष्ठाने ती कोठल्याही कागदावर काढून घेतलेली नाही.

म्हणून आपल्या शाखांना एक साधे काम सुचवावेसे वाटते. टाळेबंदीनंतर तालुक्याच्या गावी राहून मोठ्या शहरातील कंपन्यांचे काम करणारी मुले-मुली आता पुष्कळ ठिकाणी आहेत. कंपनीत त्यांची एकमेकांशी ओळख नाही, पण गावात ती एकाच पेठेत राहतात. शाखेने त्यांची यादी करावी आणि त्यांना महिन्यातून एकदा गावच्या सार्वजनिक वाचनालयात एकत्र बोलवावे. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये राज्यात गावोगाव आहेत. त्यांतल्या एका खोलीत चांगले इंटरनेट, चार टेबले आणि इन्व्हर्टर बसविण्याची मागणी नगरपालिकेकडे करता येईल, म्हणजे ज्याच्या घरी स्वतंत्र खोली नाही त्याला काम करावयास जागाही मिळेल. पहिल्या बैठकीला भाषणे नकोत. प्रत्येकाने मार्च, एप्रिल आणि मे ह्या तीन महिन्यांची विजेची बिले, इंटरनेटची पावती आणि एका आठवड्यातील सभांच्या वेळा एवढेच घेऊन यावे. विडी कामगारांच्या तंट्यात कमी दिलेल्या पानांच्या जुड्या मोजून मांडाव्या लागत. येथे बिले मांडावीत. नेमणूकपत्रात कामाचे तास काय लिहिले आहेत आणि पाळतीविषयी काय मान्य करून घेतले आहे, तेही त्याच वेळी वाचून पाहता येईल.